पहिलं पाणी

चादरी त्रेचाळीस. उशांचे अभ्रे अडतीस. मेणकापडावर घालायच्या आखूड चादरी एकवीस. बाळांची दुपटी सत्तावन्न, लंगोट एकशे सोळा. नर्सांचे एप्रन चौदा. डॉक्टरीणबाईंचे पांढरे डगले चार. आणि बाळंतखोलीचं वेगळं बांधलेलं गाठोडं, त्यात एकतीस नग. एकूण तीनशे चोवीस.

सुलभानं हे सगळं लाकडी चिमट्यानं मोजलं. चिमटा हातभर लांब होता, तरी तिला आखूड वाटायचा. एका श्वासात बारा-तेरा नग मोजून होत. मग ती बॉयलरच्या बाजूला तोंड फिरवून धुराचा एक घोट घ्यायची आणि पुन्हा ढिगाकडे वळायची. कोळशाचा धूर तिला आता आवडायला लागला होता. ढिगाच्या वासात काय काय आहे ते तिला नावानिशी सांगता आलं असतं. डोळ्यांना झोंबतो तो लघवीतला अमोनिया. खवट लोण्यासारखं येतं ते नासलेल्या दुधातलं ब्युटिरिक आम्ल. गंजक्या खिळ्याचा वास रक्ताचा. नागपूरला कॉलेजात असताना तिला वाटायचं, एखाद्या गोष्टीचं नाव कळलं की तिची किळस जाते. नाव कळलं की किळस नेमकी होते, एवढंच ती इथे तीन महिन्यांत शिकली होती.

बुलढाण्याहून देऊळघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बायकांचा एक धर्मादाय दवाखाना होता आणि त्याच्या मागे, नाल्याच्या काठी, टिनाच्या छपराखाली ही लाँड्री. बॉयलर खामगावच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून आणलेला. लढाई सुरू झाल्यावर जागोजागी दवाखान्यांच्या लाँड्र्या निघाल्या, तसं नागपूरला एक परीक्षा मंडळही निघालं. मंडळाचं सर्टिफिकेट असलेला मॅनेजर ठेवला तरच लाँड्रीला सोडा, साबण आणि कोळसा मिळे. दवाखान्याच्या कमिटीला बाई मॅनेजर हवी होती, कारण दवाखाना बायकांचा. जिल्ह्यात बी. एस्सी. झालेल्या बाया शोधायला फार फिरावं लागलं नाही. कोर्टातले नाझर भालचंद्रपंत यांची सुलभा घरी बसून होती.

लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता राहिलं होतं प्रात्यक्षिक, तेही याच लाँड्रीत, नऊ दिवसांवर. भालचंद्रपंतांनी सांगून ठेवलं होतं, "सर्टिफिकेट मिळालं तर मॅनेजरीण म्हणून राहा, मी कोणाला उत्तर देणार नाही. नाही मिळालं तर चैत्र सरताच घरी. परटाच्या भट्टीवर मुलगी जाते म्हणून मी किती दिवस ऐकून घेऊ?"

पण सुलभाला सर्टिफिकेट हवं होतं ते वडिलांसाठी नाही, आणि खरं सांगायचं तर लाँड्रीसाठीही नाही. मंडळाच्या नियमावलीत सव्विसावं कलम होतं: मॅनेजराने मलिन कपड्यास स्वतः हात लावण्याचे प्रयोजन नाही. ते तिला पाठ होतं. छपराच्या एका टोकाला सुतारानं काचेची भिंत घालून एक खोली करून ठेवली होती. आत टेबल, खुर्ची, सोड्याचा काटा. ज्या दिवशी सर्टिफिकेट येईल त्या दिवशी चिमटा भट्टीत घालायचा आणि काचेपलीकडे जाऊन बसायचं, एवढा एकच विचार मनात धरून ती रोज सकाळी श्वास रोखत होती.

त्या दिवशी बाळंतखोलीच्या गाठोड्यातली शेवटची चादर चिमट्यानं उचलली, तर तिच्या काठाला काहीतरी काळं चिकटलेलं दिसलं. मिऱ्याएवढं. ते हललं. तिनं वाकून पाहिलं, तर गोगलगाय होती, पाण्यातली, आणि तिच्यापाशी शेवाळाचा एक हिरवा धागा.

दवाखान्यात गोगलगाय कुठून येणार?

तेव्हा तिच्या प्रथमच ध्यानात आलं, की बाकीचं सगळं कोरडं येतं आणि हे गाठोडं रोज ओलं येतं. त्यातले रक्ताचे डागही पुरे नसतात. मधला भाग फिका, कडेला तपकिरी वेलांटी.

"इंद्रभान," तिनं मुकादमाला हाक मारली. इंद्रभान जातीचा परीट, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या आणि हातही सोड्यानं तितकेच पांढरे. "हे गाठोडं ओलं का येतं?"

"पयलं पानी झालं न बाई त्याचं."

"कोणी दिलं?"

"चांदबी देते. दुसरं कोन देनार?"

"आपल्याकडे त्यासाठी हौद बांधलाय." तिनं छपराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. गार पाण्यात रक्त उतरवून घ्यावं, गरम पाण्यात ते अंड्याच्या बलकासारखं शिजून धाग्यात बसतं, म्हणून मंडळाच्या नकाशात सिमेंटचा वेगळा हौद होता, त्याला तोटी होती आणि त्याचं पाणी पलीकडच्या पडीत शेतातल्या खड्ड्यात जाईल अशी मोरीही होती.

"हौद आहे न," इंद्रभान म्हणाला. "चांगला हौद आहे. माह्या शेळीले लई मानवला."

हौदात शेळी बसली होती. इस्त्रीवाले दोघं हसले.

परटांचं म्हणणं असं, की पू म्हणा, ओकारी म्हणा, हगवणीचं म्हणा, काहीही धुऊ. बाळंतिणीचं कापड मात्र आधी दुसऱ्या कोणीतरी एकदा पाण्यातून काढलेलं पाहिजे. मग ते घ्यायला त्यांची हरकत नव्हती. "पयल्या पान्यानं इटाळ जाते," इंद्रभाननं समजावून सांगितलं, "मंग उरते तो मळ. मळाचं आमी पाहून घेतो."

दुपारी चांदबी दवाखान्यातून नवं गाठोडं घेऊन नाल्याकडे आली तेव्हा सुलभा तिच्या मागं निघाली. चांदबी पूर्वी एका सुइणीच्या हाताखाली होती. सुईण मेली, आता दवाखान्याचं हे काम तिच्याकडे आलं होतं. अंगानं काटक, तोंडात कायम पान. ती नाल्याच्या काठानं वरच्या बाजूला चालायला लागली.

"वर कुठे?"

"वरच बाई. खाली परटाचा घाट हाये, त्याच्याखाली महादेव हाये. मले खाली कोन बसू देते? दवाखान्याच्या विहिरीवर आचारी बसू देत नाई. मंग उरलं वरचं."

नाला चैत्रात वाहत नाही. बांधाच्या मागं एक डोह तेवढा उरतो, दोन खोल्यांएवढा, आणि वरच्या खडकातून एक झिरा त्याच्यात बोटभर धारेनं पडत राहतो. चांदबीनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि गाठोडं सोडलं. पायानं तुडवायला लागली. पाण्यात तपकिरी ढग उठला. तो आधी पसरला, मग सावकाश खाली बसायला लागला. त्यात गुठळ्या होत्या, काळपट, कलेजीच्या तुकड्यांसारख्या. त्यांच्यावर बारीक मासे आले आणि ओढाताण करायला लागले. एक पांढरट, चिकट पदर चांदबीच्या पोटरीला लागला होता. तिनं तो दुसऱ्या पायानं पुसून काढला, ढेकूण झटकावा तसा.

सुलभा मासे पाहत होती. माशांच्या पलीकडे बांध होता. बांधात पाण्याखाली लोखंडी नळी होती आणि तिच्या तोंडाला डब्याच्या पत्र्याची चाळण. ती नळी कुठे जाते हे तिला माहीत होतं. प्रात्यक्षिकासाठी लाँड्रीचा नकाशा तिनंच काढला होता. नळी लाँड्रीच्या टाकीत जात होती. टाकीतून भट्टीला, भट्टीतून खळबळायच्या पाण्याला, निळीला, खळीला. आणि टाकीच्या तोटीखाली, सावलीत, लाँड्रीचा माठ ठेवलेला असे. त्या माठातल्या पाण्याचा चहा होई.

तीन महिने.

ती बाभळीच्या खोडाला धरून खाली बसली आणि ओकली.

चांदबी तुडवायची थांबली. "पोटात हाये का काही?"

"चहा होता," सुलभा म्हणाली.

"चहा का," चांदबी म्हणाली आणि पुन्हा तुडवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पदर भरला तुमचा. आना इकडं, लगे हात त्याचंबी पयलं पानी करून देते."

त्या संध्याकाळी सुलभानं टाकीच्या पाण्याची परीक्षा केली. परीक्षा साधी होती, मंडळाच्या नियमावलीतलीच. पटकी आली की विहिरीत टाकतात ती लाल दवा. तिच्या द्रावणाचे ठरलेले थेंब बाटलीभर पाण्यात टाकायचे. पाणी गुलाबी होतं. पाण्यात कुजकी घाण असेल तर ती घाण हा रंग खाऊन टाकते. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात रंग पंधरा मिनिटं टिकला तर पास. दवाखान्याच्या विहिरीच्या पाण्यात तो तासाभरानंही तसाच होता. टाकीच्या पाण्यात थेंब पडले, गुलाबी धूर खाली उतरला, आणि चाळीस सेकंदांत बाटलीतलं पाणी फिक्या चहासारखं झालं.

शेजारी इस्त्री केलेल्या चादरींची चळत होती, सकाळी बाळंतिणींच्या खाटांवर जाणारी. तिनं वरची चादर नाकाला लावली. निळीचा आणि खळीचा वास आला. दुसरा कसलाच नाही. याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं इंद्रभानला बाटली दाखवली. तो चहा पीत होता.

"पानी वाहून राह्यते बाई. वाहत्या पान्यात काय राह्यते?"

"चैत्रात ते वाहत नाही."

"मंग आषाढात वाहीन."

"तोवर तुम्ही हे पिणार?"

इंद्रभाननं कपात पाहिलं. "उकळलेलं आहे," तो म्हणाला आणि प्यायला. पुढे त्यानं आपणहून सांगितलं, "माहा एक भाचा आहे देऊळघाटले. त्यानं एकडाव असंच कोरडं गाठोडं घेतलं, सायबाच्या बाईचं होतं म्हून. पंचाईत बसली. त्याच्या पोरीची झालेली सोयरीक मोडली. तुमचं सर्टिफिकीट येईन न जाईन, बाई. आमाले जातीत राह्याचं आहे."

"मग चांदबीला या हौदात बसू द्या. तोटी आहे, मोरी आहे. घाण शेतात जाईल."

"तिचा हात लागला त हौद तिचा झाला. मंग बाकीचं कुठं भिजवू?"

"शेळीचा चालतो?"

"शेळी काय बाळंतीन आहे?"

"परवाच व्याली की तिथं," इस्त्रीवाला मेहबूब म्हणाला, आणि सगळे हसले. इंद्रभानही हसला. "शेळीले कोन पुसते बे," तो म्हणाला.

सुलभाला हसू आलं नाही. ती हौदाकडे पाहत होती. शेळीच्या दोन करडांनी मोरीच्या तोंडाशी लेंड्या करून ठेवल्या होत्या. कोरड्या गाठोड्याला परटांनी हात लावायचा नाही, हौदाला चांदबीला लावू द्यायचा नाही. उरलं कोण, याचा हिशेब फारसा अवघड नव्हता.

दुसऱ्या सकाळी तिनं शेळी बाहेर काढली, हौद सोड्यानं आणि चुन्यानं घासला आणि चांदबीला गाठोडं कोरडंच दारात आणायला सांगितलं. चांदबीनं ते उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि तिथेच पान लावत बसली. सुलभानं कापराची पूड घातलेला रुमाल नाकावर बांधला. आधी चिमट्यानं करून पाहिलं. चिमट्यात चादर घोळली जात नाही, नुसती लोंबते. मग काठीनं ढवळून पाहिलं. काठीला गुंडाळून आलेलं ते ओझं पाहून तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. शेवटी तिनं हात घातले.

गार पाण्यात सगळंच आणखी गार लागतं. गुठळ्या बोटांच्या बेचक्यातून सुळ्कन निसटत होत्या. दाबल्या की फुटत नव्हत्या, सरकत होत्या. नखांखाली काहीतरी बसलं. एका चादरीच्या घडीत बाळाची पहिली शी होती, काळी, हिरवट, डांबरासारखी, आणि ती चोळली तितकी पसरत गेली. रुमालातून कापूर लागत होता आणि कापराखालून दुसरं सगळं. पहिल्या दिवशी ती दोनदा मोरीपाशी जाऊन आली.

"ओकारीबी त्याच मोरीत बरी," उंबऱ्यावरून चांदबी म्हणाली. "मोरी एकच, काम दोन."

"तुला कधी किळस नाही आली?"

"येते न. रोज येते. मले कोनी पुसलं नाई कधी, म्हून सांगतलं नाई."

माणसाला कशाचीही सवय होते असं सुलभाला घरी आणि कॉलेजात पुष्कळांनी सांगितलं होतं. तिला झाली नाही. तिसऱ्या दिवशी ओकारी थांबली, पण ती पोटानं हार मानल्यामुळे. किळस होती तिथेच होती, उलट तिला बाहेर पडायला आता वाट उरली नव्हती. जेवताना भाताचा घास हातात धरला की बोटं तिला स्वतःची वाटत नसत. घरी आई मागच्या दारी घंगाळ भरून ठेवायची, लुगडं खुंटीवर टाकून बाजूला व्हायची आणि ती नाहून येईपर्यंत स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं.

लाँड्रीतही तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी चहा आला तेव्हा तबकात तिचा निळ्या काठाचा कप नव्हता. ती स्वतःसाठी विहिरीचं पाणी उकळून आणायची, म्हणून आधी तिला काही वाटलं नाही. मग बाहेरच्या कोनाड्यात तो दिसला, चांदबीच्या कान तुटलेल्या कपाशेजारी. हौदातून काढलेल्या चादरी ती इंद्रभानला द्यायला गेली, तर तो एक पाऊल मागं सरला.

"हातात नका देऊ बाई. तिथं फळीवर ठेवा. मी घेतो."

तो अदबीनं बोलला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मात्र अदब नव्हती. ओठ जरा आत ओढलेले, नाकपुड्या मिटलेल्या, श्वास धरलेला. ते तोंड तिनं ओळखलं. सकाळी चिमटा हातात घेताना तिचं तोंड तसंच होत असणार. फरक इतकाच, की तो ढिगाकडे पाहत नव्हता. तिला त्याची विलक्षण शिसारी आली, त्याच्या मिशांची, सोड्यानं पिठूळ झालेल्या बोटांची, त्या मऊ "बाई"ची.

डोह मात्र पालटत होता. आता त्यात घाण पडत नव्हती आणि झिरा चालू होता. रोज दुपारी ती टाकीचं पाणी बाटलीत घ्यायची. दोन दिवस रंग चाळीस सेकंदांतच गेला. मग दीड मिनिट टिकला. मग चार. मग साडेसहा. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी नऊ मिनिटं झाली. तळात गाळ होता आणि तो झपाट्यानं जाणारा नव्हता. पंधरा मिनिटं व्हायला किती दिवस लागतील याचा तिनं आलेख काढला. निदान आणखी तीन-चार दिवस लागले असते.

त्याच दिवशी परीक्षक आले. चिंतामणराव नाव. बंद गळ्याचा कोट, वाळ्याचं अत्तर लावलेला रुमाल, आणि खिशात खारे दाणे, जे ते एकेक करून तोंडात टाकत. बॉयलरचा काटा त्यांनी पाहिला, सोड्याचा काटा पाहिला, काचेच्या खोलीत खुर्चीवर बसून पाहिलं आणि खूश झाले.

"उद्या मळक्या चादरी कुठल्या घेणार?"

"दवाखान्यातून येतील त्या."

"छे छे. चहानं मळवून ठेवा चारपाच. थोडी हळद, थोडं काजळ. सगळीकडे तसंच करतात. मला ते दुसरं बघायला लावू नका, मी जेवून आलेला असतो." त्यांनी एक दाणा टाकला. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. लाल दवेनं बोटं तपकिरी झाली होती, नखांच्या कडा सोड्यानं फुटल्या होत्या. "हे काय? सव्विसावं कलम वाचलंत ना?"

"पाठ आहे."

"मग?"

तिनं त्यांना सगळं सांगितलं. डोह, नळी, चांदबी, नऊ मिनिटं. माशांचंही सांगितलं. चिंतामणरावांनी रुमाल नाकाला लावला आणि तो तिथेच ठेवून ऐकलं.

"असं आहे," ते म्हणाले, "मी मळ तपासायला आलेलो नाही. व्यवस्था तपासायला आलो आहे. उद्या तुम्ही त्या हौदाकडे जाऊ नका. ती बाई एक दिवस जाईल आपली नेहमीच्या जागी. आणि नमुना विहिरीचा घ्या. मी बाटली बघतो, बाटली भरताना बघत नाही. परवापासून तुम्ही मॅनेजर. मग काय सुधारणा करायच्या त्या करा, कोण अडवतंय?"

ते वाईट बोलत नव्हते. भालचंद्रपंतांनीही हेच सांगितलं असतं. सुलभा काही बोलायच्या आत मेहबूब चहा घेऊन आला. चिंतामणरावांनी फुंकर घातली, घोट घेतला, आणि आणखी एक घेतला.

"काहीही म्हणा," ते म्हणाले, "बुलढाण्याच्या पाण्याला गोडी आहे."

सुलभा त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना पाहत राहिली. तिनं त्यांना सांगितलं नाही, की तो चहा टाकीच्या पाण्याचा आहे. टाकीचं पाणी नाल्यातून येतं हे त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. जोडायचं त्यांनी जोडावं. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला आणि मिशी पुसली. त्या काचेच्या खोलीत आपण खुर्चीवर बसलो आहोत, असाच कप आपल्यापुढे आहे, वरच्या अंगाला चांदबी तुडवते आहे आणि आपण मिशी नसलेलं तोंड पुसतो आहोत, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस जी खोली मनात धरून तिनं श्वास रोखला होता, तिचाच वास आता तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहानं मळवलेल्या पाच चादरी फळीवर तयार होत्या; इंद्रभाननं रात्रीच त्या मळवून ठेवल्या होत्या आणि मोठ्या निगुतीनं मळवल्या होत्या. टेबलावर बूच लावलेली बाटली होती. ती विहिरीच्या पाण्यानं भरलेली होती आणि ती कोणी भरली हे कोणी सांगितलं नाही. चांदबी गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी उभी होती.

"वर जाऊ का इथं ठेवू?" तिनं विचारलं. "मुकादम म्हन्ते वर जा."

"इथं ठेव," सुलभा म्हणाली.

इंद्रभान जवळ आला, पण फार जवळ नाही. "बाई, एका दिवसाचं काम आहे. तुमाले खुर्ची भेटते, आमाले कोळसा भेटते. काऊन असं करून राह्यल्या?"

तिनं रुमाल बांधला आणि गाठोडं सोडलं. चिंतामणराव बॉयलरकडे वळले आणि काट्यावरचा आकडा वाचत उभे राहिले. काटा हलत नव्हता, तरी ते वाचतच राहिले. त्या दिवशी गाठोड्यात सत्तावीस नग होते, रात्रीतून दोन बाळंतपणं झाली होती, एक अवघड. तिनं कोपरापर्यंत हात घातले. मागं कोणीतरी थुंकलं. पाणी लाल झालं, मोरीतून शेताकडे गेलं, पुन्हा लाल झालं, मग गुलाबी, मग गढूळ. तिनं नग एकेक करून फळीवर ठेवले आणि मागं सरली. इंद्रभाननं थोडा वेळ थांबून ते उचलले. भट्टी, खळबळणं, दुसरं पाणी, तिसरं, नीळ.

शेवटच्या पाण्याची वेळ आली तेव्हा चिंतामणरावांनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बूच लावलेली बाटली बोटानं तिच्याकडे सरकवली.

"नमुना," ते म्हणाले. "हात पुसा आणि घ्या. मी घड्याळ बघतोय."

सुलभानं हात पुसले. तिनं टेबलावरची दुसरी बाटली, रिकामी, उचलली, खळबळायच्या हौदाच्या तोटीपाशी गेली आणि ती भरून आणली. चिंतामणरावांनी खिशातून एक दाणा काढला, पण तोंडात टाकला नाही. तिनं लाल दवेचे थेंब मोजून सोडले. गुलाबी धूर खाली उतरला, पसरला, आणि बाटली डाळिंबाच्या रसासारखी झाली.

मेहबूबनं इस्त्री तिवईवर ठेवली. इंद्रभान फळीला टेकून उभा राहिला. उंबऱ्याबाहेरून चांदबीनं मान पुढे काढली.

"गेला का रंग?"

"अजून नाही," सुलभा म्हणाली.

रंग अकरा मिनिटं वीस सेकंद टिकला.